कातडीच्या आत

१

मला सहसा किळस येत नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नमुने तपासते. लोक सकाळी सकाळी डब्या, बाटल्या आणून देतात आणि मान फिरवून उभे राहतात. झाकण मी उघडते. नाकाला रुमाल लावणारी एखादी नवी मुलगी कामाला आली की मी तिला सांगते, हे सगळं माणसाच्या आतच असतं बाई, बाहेर आलं म्हणून आपण त्याला घाण म्हणतो.

त्यामुळे त्या रविवारी सख्ख्या भावाच्या तोंडाकडे पाहून मला मळमळलं, तेव्हा मी स्वतःवरच चिडले.

बेझनबागेत आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर गच्चीवर एक. बाबा गेल्यापासून आम्ही तिघंच होतो, आई, मी आणि रोशन. रोशन माझ्यापेक्षा बराच लहान. हिंगण्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. रात्रपाळी करायचा. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की नाक्यावरून तर्री-पोहे बांधून आणायचा, अर्धे आईला द्यायचा, आंघोळ करून वरच्या खोलीत जायचा आणि कूलर लावून झोपायचा. दुपारी डोक्यावर कूलरची घरघर सुरू झाली की आई म्हणायची, झोपलं पोरगं.

उन्हाळा लागला आणि पोहे यायचे बंद झाले. रोशन आता डबल पाळी करत होता. रविवारी आम्ही एकत्र जेवायला बसलो, तर त्याने घासही घेतला नाही. वरणात नुसतं बोट फिरवत बसला होता. पण त्याचा जबडा चालू होता. एकसारखा, बाजूला सरकत, जात्यासारखा. मला वाटलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल.

"जेवताना तरी खर्रा थुंकत जा," मी म्हणाले.

"नाई खाल्ला, ताई," तो म्हणाला, आणि दाखवायला त्याने आ केला.

तोंडात काही नव्हतं. गालांची आतली बाजू चावून चावून पांढरी पडली होती. तिच्या चिंध्या लोंबत होत्या आणि तो त्याच चघळत होता. आतून वास आला, गोडसर, जळक्या प्लास्टिकसारखा. मी माझं ताट दूर सरकवलं. आई म्हणाली उष्णता झाली असेल, आणि तिने त्याच्यापुढे ताकाचं भांडं ठेवलं.

२

पुढच्या आठवड्यांत रोशन डोळ्यांदेखत वाळला. गालफडं आत गेली, मानेवरची शीर उडताना लांबून दिसायची. पण मूड चांगला असायचा. झोप लागत नाही म्हणायचा, आणि तक्रार म्हणून नाही, कौतुकाने. कामावरून आला की काहीतरी उघडून बसायचा. आधी मिक्सर, मग इस्त्री, मग भिंतीवरचं घड्याळ. सगळे स्क्रू टॉवेलवर लहान-मोठे लावून ठेवायचा, पुसायचा, परत लावायचा. त्यातलं काहीच पुन्हा जोडलं गेलं नाही.

दुपारी आता कूलरची घरघर यायची नाही. जिन्यात उभं राहिलं की दुसराच आवाज यायचा. कर्र, कर्र. तो दात खात असायचा. जागेपणी.

एका सकाळी मी लॅबला निघाले असताना तो जिन्यात मला आडवा आला. फुलबाहीचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, बगलेत घामाचे पिवळे डाग. अंगाला मांजराच्या मुताचा असतो तसला भपकारा. त्याने माझ्या हातात चुन्याची डबी ठेवली, ती छोटी प्लास्टिकची, पानठेल्यावर मिळते ती.

"तुझ्या मशीनखाली पाह्य," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "आईले नको सांगू."

"काय आहे?"

"अंगातून निघून राहिले."

मी त्याची बाही वर केली. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत खड्डेच खड्डे होते. काही सुकलेले, काही ओले. नखांनी उकरलेले होते ते. एका खड्ड्याच्या कडेला पू साचला होता आणि त्यावर शर्टाचा धागा चिकटला होता. रोजच असला पू पाहते मी. पण तो टेबलावर असतो, काचेवर. मी बाही खाली ओढली आणि हात साडीला पुसला.

३

डबीत होत्या त्या खपल्या. वाळलेलं रक्त, कातडीचे पापुद्रे, सुताचे तंतू, एक केस. मी भिंगाखाली काच सावकाश सरकवत सगळं पाहिलं. पाय नव्हते, डोकं नव्हतं, अंडी नव्हती. खरुजेचा किडा मला ओळखता येतो. तसलं काही नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला तसं सांगितलं. तो हसला. हसताना पुढच्या दाताचा तुकडा उडालेला दिसला, आणि हिरड्यांजवळ दात काळे पडले होते.

"ते मेलेले आहेत न, ताई. जिवंत आत आहेत."

दुसऱ्या दिवशी दुसरी डबी, मग तिसरी. एकीत त्याची दाढ निघाली, अख्खी, मुळासकट, मांस चिकटलेली. पक्कडीने उपटली होती त्याने. त्यांचं घर तिच्याखाली होतं म्हणाला.

लघवीत किडे दिसतात का ते पाहू, असं सांगून मी त्याच्याकडून नमुना घेतला. नशेची तपासणी करायचं कार्ड उलटं चालतं. रेघ उमटली तर अंगात काही नाही. मी लॅबच्या मालकीणबाईंच्या नजरेआड बसून वाट पाहत राहिले. अॅम्फेटामाइनच्या, जागं ठेवणाऱ्या नशेच्या, खान्यात रेघ उमटलीच नाही.

लॅबच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉ. मुग्धा बसतात, मानसोपचाराच्या. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जागं राहण्यासाठी गोळ्या घेणारी पोरं गोळ्यांवरून पुडीवर येतात, त्या म्हणाल्या. भूक जाते, झोप जाते, दात जातात, मग डोकं जातं. कातडीखाली किडे चालल्याचा भास फार जुना आहे, लोक डब्या भरून आणतात. त्याच्याशी वाद घालू नकोस, पण होला होही म्हणू नकोस. आणि या उन्हात त्याला कोंडून ठेवू नकोस, असल्या नशेत माणसाचं अंग आतून तापतं. लवकर घेऊन ये.

मला बरं वाटलं. नाव असलेली गोष्ट होती ती.

४

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई आयुष्यभर बाबांच्या शिस्तीत राहिलेली, घरात कधी सुपारीसुद्धा आली नव्हती. ती रडली नाही. वर गेली, त्याची गादी उसवली, पुड्या काढल्या आणि नालीत टाकल्या. रोशन पाया पडला, पुन्हा नाही म्हणाला. मग आडवा झाला तो मेल्यासारखा झोपला, उठून दोन घास खाऊन परत झोपला. आईने कामावर कळवून टाकलं की येणार नाही.

पण सगळ्या पुड्या सापडल्या नव्हत्या. किंवा कोणीतरी आणून देत होतं, ते मला आजही माहीत नाही. जबडा पुन्हा चालू झाला. दवाखान्याचं नाव काढलं की तो खवळायचा. डॉक्टरीण त्यांना मिळालेली आहे म्हणायचा. ते म्हणजे कोण, तर कारखान्यातले. पाण्याच्या टाकीतून त्यांनीच किडे सोडले आणि आता समोरच्या गच्चीवरून पाहतात, किती वाढले ते. समोरच्या गच्चीवर गोधड्या वाळत असायच्या.

त्याला एकटं वाटू नये म्हणून आई दुपारभर वर बसू लागली. मला ते बरंच वाटलं. मी लॅबमधून येईपर्यंत कोणी तरी त्याच्याजवळ होतं.

एका दुपारी मी लवकर घरी आले. जिन्यात पाय ठेवला आणि थांबले. दात खाण्याच्या आवाजामध्ये आणखी एक आवाज होता. टिच्. मग थोडी शांतता. मग टिच्.

तो आवाज मला माहीत होता, पण कुठला ते लगेच आठवेना. वर जाऊन दार ढकललं तेव्हा कळलं. लहानपणी आई आमच्या उवा काढायची. दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये ऊ धरून मारली की तसा आवाज व्हायचा. आता रोशनचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि त्याचा उघडा हात तिच्या गुडघ्यावर. ती चष्मा लावून, मान वाकवून त्या खड्ड्यांतून काहीतरी वेचत होती.

"काय करून राहिली, आई?"

तिने वर पाहिलं नाही. "त्याले बरं वाटते," ती म्हणाली. "मन राखून राहिली त्याचं. तू जा खाली."

टिच्.

मी खाली आले. खपलीचा असा आवाज होत नाही, हे माझ्या लक्षात आलं. खपली दाबली तर तिचा भुगा होतो. पण वाळलेली, कडक खपली असेल तर होतही असेल. मी स्वयंपाकघरात एक तुटलेली चण्याची डाळ नखांत धरून पाहिली. आवाज झाला नाही. मग मी स्वतःलाच विचारलं, हे मी काय करते आहे?

५

मग एका सकाळी आईने मला पाण्याचा ग्लास दाखवला. पाण्यात बारीक, काळपट, वळवळणारे जीव होते. वर यायचे, उलटे लटकायचे, झटक्याने खाली जायचे.

"हे कुठून आले मंग?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. मला खरंच विचारत होती ती.

मी सांगितलं, डासांच्या अळ्या आहेत, कूलरच्या टाकीतल्या, कित्येक दिवस कूलर बंद असल्यामुळे झाल्या. मी वर जाऊन टाकी उपसली. तळाला हिरवा गाळ आणि त्यात एक फुगलेली पाल होती. ती मी कागदाने उचलून फेकली. आई दारात उभी राहून पाहत होती. रोशन तिच्या मागे, तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. दोघांचे डोळे सारखे दिसत होते, मोठे, न मिटणारे.

त्यानंतर कूलर लागलाच नाही. खिडकीच्या फटींना त्यांनी खाकी टेप लावली. वरच्या खोलीतून वास खाली उतरू लागला, घामाचा, आंबलेल्या भाताचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी गोड वास. आई खाली स्वयंपाक करायला यायची तेव्हा तो तिच्या पदराला असायचा. तिच्या हातची पोळी माझ्या घशाखाली उतरेना. मी लॅबमध्येच काहीबाही खाऊन घेत असे.

याच दिवसांत मला खाज सुटली. आधी पोटरीला, मग पाठीला. घामोळं असेल, सगळ्या नागपूरला असतं. पण एकदा लॅबमध्ये काच पाहत असताना माझ्या लक्षात आलं, की डाव्या हाताच्या नखाने मी मघापासून मान उकरते आहे. नखात कातडी आली होती. समोर भिंग होतं, काच होती. पाहायला काहीच लागलं नसतं.

मी ती पाहिली नाही. हात साबणाने धुतला, परत धुतला, आणि तडक वर जाऊन डॉ. मुग्धांना म्हणाले, आता थांबता येणार नाही.

त्यांनी सरकारी दवाखान्यात बोलून खाट ठरवली. दुसऱ्या दिवशी अॅम्ब्युलन्स घेऊन जायचं ठरलं. सकाळी मी आईला समजावलं. आश्चर्य म्हणजे तिने ऐकलं. आणते त्याले खाली, म्हणाली. रोशनच्या डाव्या हाताला तिने आपल्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या होत्या, बऱ्याच दिवसांपूर्वीच्या असाव्यात, कारण त्या तपकिरी पडल्या होत्या. हे कशाला बांधलं, मी विचारलं.

"बाहेर पडले तर घरभर होतील न," आई म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला गेली.

६

अॅम्ब्युलन्स यायच्या आधी रिक्षा करून मी आले तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळ्या घरांचे कूलर चालू होते, फक्त आमचं घर गप्प होतं. खाली कोणी नव्हतं. मी जिन्यातून हाका मारल्या. वरच्या दाराला आतून कडी होती, आणि दाराच्या फटींतूनही आता टेप दिसत होती.

मी दारावर हात ठेवला आणि काढला. पोळला.

आत दात वाजत नव्हते. फक्त, खूप सावकाश, टिच्.

शेजारचे धोंडबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आपल्या ओसरीत टरबूज कापत बसले होते. मी आई आत आहे एवढंच म्हणाले. ते लोखंडी सब्बल घेऊन आले. कडी निखळली, टेप चर्रकन फाटली आणि आतली हवा आमच्या तोंडावर आली. धोंडबांनी मागे वळून कठड्यावरून खाली ओकारी काढली.

आत अंधार होता. आई भिंतीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ फाटलेले. रोशन तिच्या मांडीवर. तो लाल झाला होता, भाजल्यासारखा, आणि त्याला घाम येत नव्हता. डोळे अर्धे उघडे होते. ओठांवर हसू होतं, पाळण्यातल्या लेकरासारखं, आणि त्या हसण्यात तीन-चार काळे खुंट. बाजूला जेवणाचं स्टीलचं ताट होतं. त्यात खपल्यांचे छोटे छोटे ढीग लावले होते, स्क्रू लावले होते तसेच, लहान-मोठे. ताटावर माश्या बसल्या होत्या, दार उघडलं तरी त्या उडाल्या नाहीत.

"वच्छलाबाई, काय करून घेतलं हे," धोंडबा म्हणाले.

"हळू बोला गा," आई म्हणाली. "झोपलाय तो. पहिल्यांदा झोपलाय."

७

दवाखान्यात त्याच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या टाकल्या, सलाइन लावलं. अंगाला हात लावणारी सिस्टर हात झटकत होती. हृदय इतकं पळत होतं, की छातीवरची चादर थरथरत होती. आईला बाजूच्या बाकावर बसवून पाणी पाजत होते. ती प्रत्येक घोट घेण्याआधी ग्लासात पाहत होती.

ऋषी नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी हाताच्या पट्ट्या पाण्याने भिजवल्या आणि सोडवायला घेतल्या. माणसं कमी होती, मी लॅबमधली आहे म्हटल्यावर त्यांनी मला हातमोजे दिले आणि हात धरून ठेवायला सांगितलं. शेवटचा थर मांसाला चिकटला होता. तो सुटला.

जखम हलत होती.

मला आधी तसंच वाटलं, की मांसच हलतंय. मग दिसलं. पांढरे, गुबगुबीत, एकमेकांना खेटून डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून बसलेले. उजेड पडताच सगळे एकदम आत घुसू लागले. चुळचुळ असा बारीक आवाज येत होता, ओल्या मातीत बोट फिरवल्यासारखा.

"अळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "माशीच्या. उन्हाळ्यात होतं. बांधायच्या आधी माशी बसली असेल." त्यांनी टर्पेंटाइन मागवलं. त्या वासाने अळ्या बाहेर येतात, मग चिमट्याने काढायच्या.

त्यांचं बरोबर होतं. मला पुस्तकातलं पानसुद्धा आठवत होतं. पण रोशनने त्याच वेळी डोळे उघडले. त्याने हाताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दिसले?" तो म्हणाला.

बाकावरून आई पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, परीक्षेत पोरगं पास झाल्यासारखी.

डॉक्टर एकेक अळी ट्रेमध्ये टाकत होते. मी कोपराच्या वर त्याचा दंड दाबून धरला होता. तिथली कातडी धड होती. एक जुना व्रण होता, लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाचा, केव्हाच भरलेला, चकचकीत. माझ्या अंगठ्याखाली तो व्रण उचलला गेला. बोराएवढा फुगवटा. तो थांबला. मग दंडाच्या आतल्या बाजूने, सावकाश, काखेकडे सरकत गेला आणि खोल गेला. कातडी मागे सपाट झाली.

"डॉक्टर," मी म्हणाले, "इथे."

त्यांनी चिमटा ठेवून दंड चाचपला. नीट, वेळ घेऊन. काही लागलं नाही. एवढ्या तापात स्नायू असे फडफडतात, ते म्हणाले. मी हो म्हणाले. स्नायू फडफडतात, मला माहीत आहे. मग मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकले, पोटात काही होतं तोवर आणि नंतरही.

८

रोशन वाचला. मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली. उरलेले दात काढले. मग तो मानसोपचाराच्या वॉर्डात राहिला आणि पुडी सुटली तसे समोरच्या गच्चीवरचे लोक एकेक करून नाहीसे झाले. मी भेटायला गेले की तो कवळीशिवायच्या तोंडाने भात खात असायचा. हिरड्यांवर भात चुरडत, लाळ गाळत. माझ्याच्याने पाहवत नसे, पण पोटभर खात होता.

आईचं काय ते मला कळत नव्हतं. तिने कधी काही घेतलं नव्हतं, तरी मी तिचा नमुना तपासला. सगळ्या खान्यांत रेघा उमटल्या, ठळक, म्हणजे अंगात काही नव्हतं. डॉ. मुग्धा म्हणाल्या, एकाचा भास दुसऱ्याला लागतो कधी कधी, दोघांना वेगळं केलं की दुसऱ्याचा जातो. आईला मी पारशिवनीला मावशीकडे ठेवून आले.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी रोशनने मला खाटेजवळ बसवलं. त्याचे डोळे आता साधे होते, माझ्या भावाचे होते.

"ताई, एक विचारू? डॉक्टर सांगतात का अळ्या माशीच्या होत्या, अन् बाकी डोक्यात होतं. मले पटते ते. पण तू दंड धरला होता न. एक वर गेला तेव्हा. तुले हाताले लागलं का?"

मी विचार केला नाही. विचार केला असता तर जमलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "काही नव्हतं तिथं. तुझे स्नायू फडफडत होते."

तो तोंड झाकून रडला. सुटल्यासारखा रडला. त्या दिवसापासून मी त्याला एकदाही खाजवताना पाहिलं नाही. पुढे कामठी रोडवरच्या एका बॅटरीच्या दुकानात तो दिवसपाळीला लागला. कवळी बसवली. गालांवर मांस आलं.

९

थंडी पडली तेव्हा मी आईला घरी आणलं. अंगाने भरली होती, रंग उजळला होता. मावशी म्हणाली, किड्यांचा विषयच काढत नाही. आल्या आल्या तिने घर धुतलं, वरची खोली उघडून उन्हं आत घेतली. मला तिच्या हातचं जेवण जाऊ लागलं.

त्या रविवारी ती गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून सोलू लागले. एका शेंगेतून हिरवी अळी निघाली, तशी निघतेच. मी ती चिरडणार, तेवढ्यात आईने माझं बोट बाजूला केलं, अळी तळहातावर घेतली आणि कुंडीतल्या मातीत नेऊन ठेवली. तेवढ्यापुरती तिच्या स्वेटरची बाही वर गेली. तिने ती पटकन, नीट, मनगटापर्यंत खाली ओढली.

"आई, हात दाखव," मी म्हणाले.

ती समोर बसली आणि तिने हात पुढे केला. मी बाही कोपराच्या वर सरकवली. सुरकुतलेली, स्वच्छ कातडी. खड्डा नाही, ओरखडा नाही, नखाची खूणसुद्धा नाही. मी हात उलटा केला, सुलटा केला, उजेड पडेल असा धरला. काही नव्हतं. माझ्या छातीतलं ओझं उतरलं, आणि मी तिला तसं सांगितलंही, की बघ, काही नाही इथे.

"आता नाई दिसणार," आई म्हणाली. ती माझी समजूत काढत होती. "तू पाहून राहिली न, म्हणून थांबले ते."

खालून रोशनने हाक मारली, चहा झाला म्हणून. आईने हात सोडवून घ्यायला थोडा ओढला. मी सोडला नाही. ऊन त्या कातडीवर पडलं होतं आणि मी पाहत होते. डोळ्यांना पाणी आलं तरी मी पापणी मिटली नाही. रोशनने पुन्हा हाक मारली, आणि मी ओ दिली नाही.